उलट्या झाडांचा पडदा

माझा राग पहिल्यापासून नाकावर. नवरा ऊर्जानगरच्या प्लांटमधून रिटायर झाला, आम्ही चंद्रपुरात घर बांधलं, अन् थोड्याच दिवसांत तो गेला. मग भांडाले घरात कोणी उरलं नाई. मी टीव्हीतल्या बायांशी भांडे. पुण्याच्या पोरानं ते फोनवर ऐकलं अन् म्हणाला, "आई, एकटीच बडबडतेस. घर विकून टाकू, तू इकडे ये."

मले पुणं नको होतं. सातव्या माळ्यावर बसून मी करू काय? त्याले ठणकावलं, उद्यापासून मी चित्रकलेच्या क्लासले जाते.

समाजमंदिरात म्हाताऱ्यांचा क्लास भरे. माजरीच्या कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेला एक म्हातारा होता, सारे त्याले भाऊ म्हणत. तेलुगूत पुटपुटे, हिंदीत शिव्या दे. एटापल्लीकडची एक गोंड बाई लेकीकडे राहाले आली होती. लेक दिवसभर ड्युटीवर, हिले गोंडीशिवाय बोलता येत नसे, म्हणून ती गप्पच. पहिल्या दिवशी मी नेमकी तिच्या जागेवर बसली. तिनं माझा ब्रश उचलून दूर ठेवला. मी मराठीत भांडली, ती गोंडीत. लय दिवसांनी मले बरं वाटलं.

धान निघाल्यावर जवळच्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, होती, अन् मंडई म्हटली का नाटक आलंच. नाटकवाल्यांनी आमच्याकडे जंगलाचा पडदा मागितला. मी पोराले सांगितलं, "पडदा लागेल त्या दिवशी ये. आम्ही साऱ्यांनी मिळून केलेलं काम पाहूनही तुले वाटलं का मी एकटी आहो, तर गुमान तुझ्यासंग येईन."

शिकवणाऱ्या बाई गावाले गेल्या अन् आम्ही कामाले लागलो. लांबलचक कापड जमिनीवर अंथरलं. अर्धे या अंगाले बसले, अर्धे त्या अंगाले. आमचे गुडघे असे, का एकदा बसलं म्हणजे उठाचं नाव नाई. ज्यानं त्यानं आपल्यापुढं झाडं काढली. मंडईच्या आदल्या सकाळी पडदा टांगला, तर खालची झाडं सरळ अन् वरची सारी उलटी, मुळं आभाळात.

भाऊ म्हणाला, "पूरा जंगल शीर्षासन करून राह्यलं ना."

मी साऱ्यांले शिव्या घातल्या अन् मग खाली बसून रडली. पुणं डोळ्यापुढं दिसाले लागलं. गोंड बाई बाजूले येऊन बसली. आम्ही दोघी नुसत्या त्या पडद्याकडे पाहत राह्यलो.

अन् डोक्यात आलं, उलटी झाडं वर असली तर चूक, पण खाली असली तर ती तलावातली सावली. पडदा मधून कापाचा, वरचं खाली अन् खालचं वर शिवाचं.

"बिगडला तर?" भाऊनं विचारलं. बिगडला असता तर मी पुण्याले गेलीच होती. गोंड बाईनं कापड ताणून धरलं, मी कैची चालवली. संध्याकाळपर्यंत माझ्या मशीनवर शिवण घातली, शिवणीवर तलावाची पाळ रंगवली. वर मोहाचं झाड तर खाली पाण्यात सागाचं, पण पाणी हलते म्हणून चालून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात पडदा चढला. पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे, हा तं आपलाच तलाव." लोक उठून जवळ येऊन पाहाले लागले. माझी छाती अशी फुलली का विचारू नका. नाटकवाल्यांनी तिथल्या तिथं पुढच्या गावासाठी राजवाडा मागितला. पोरगाही आला होता, जवळ जाऊन शिवणीवर बोट फिरवून आला.

"छान झालाय गं," तो म्हणाला. "मग, कधी निघायचं?"

मी तोंड उघडाच्या आधी गोंड बाईनं माझं मनगट धरलं. माझ्याशी भांडून भांडून जेवढी मराठी शिकली होती, तेवढी सारी तिनं त्याच्यापुढं काढली. "तू जा. ही इथी बसते. माह्या बाजूले."

दुसऱ्या दिवशी पोरगा एकटाच पुण्याले गेला. मी त्याले स्टँडवर सोडालेही गेली नाई. क्लास होता.