पाण्याखालची वाघजाई आणि व्याह्यांची बाटली

व्याही आमच्याकडे बैठकीला आले ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, रीतीप्रमाणे तांब्या-भांडं पुढे केलं. व्याह्यांनी हात जोडले. "राग नको, विहीणबाई. पनवेलचं पाणी म्हंजी आमच्याकडनं नेल्यालं. चोरीचा माल आमी घेत न्हाय." पोहे मात्र दोनदा घेतले.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाटावर लोणावळ्याच्या पाठीमागे विजेसाठी बांधलेली जुनी धरणं आहेत. तिथलं पाणी पाइपांतून खाली खोपोलीला येतं, वीज तयार करतं आणि पुढे पाताळगंगेतून वाहत आमच्या नळापर्यंत पोचतं. अण्णांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, आजोबांचं गाव यातल्याच एका धरणात गेलं. (कुठलं ते लिहीत नाही. मागे एका धरणाचं नाव लिहिलं, तर कॉमेंटमध्ये दोन तालुके भांडले.) 'धरण हटवा' पक्षाचे अण्णा अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक एकटेच वक्ते. माझं म्हणाल तर, जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळता गुंडाळता मी पंपांचं दुकान टाकलेला माणूस. पाणी आलं तरी पंप खपतो, नाही आलं तरी खपतो. मला तटस्थ समजायला हरकत नव्हती.

पण अण्णांची अट होती. लग्नाची पहिली पत्रिका वाघजाईच्या पायाशी ठेवायची, तीही दोन्ही घरच्यांनी मिळून. तोवर लग्न पक्कं नाही. आणि वाघजाईसुद्धा त्याच धरणात! उन्हाळा सरत आला की पाणी उतरतं, देऊळ उघडं पडतं, मग गाव जाऊन गाळ काढतं आणि शेंदूर लावतं. त्याआधी पाऊस पडला तर लग्न पुढच्या वर्षी. आमच्या लेकीने, प्राजक्ताने, त्या दिवसापासून हवामानाच्या बातम्या अशा बघायला सुरुवात केली, जसा दहावीचा निकालही बघितला नव्हता.

म्हणून एका शनिवारी मी आणि सुनंदा निघालो. जाणार असाल तर एक्स्प्रेसवेच्या नादी लागू नका. शेडुंग, चौक करत जुन्या रस्त्याने जा, टोलही वाचतो आणि खोपोलीला गरम वडाही मिळतो. आम्ही थांबलो त्या हॉटेलात सोलापूरकडचा एक ट्रकवाला मालकाला सुनावत होता, की आमच्या नदीत यायचं एवढं पाणी तुम्ही उलटं फिरवून खाडीत घालवताय आणि आमच्याकडे लोक टँकरची वाट बघतेत. मालकाने शांतपणे चहा पुढे केला. "खाडीत जायच्या आधी ह्यात घातलंय थोडं. घे." ट्रकवाल्याने घेतला. या विषयावर मी ऐकलेल्या चर्चांपैकी ही एकच चर्चा गोड झाली.

घाटातल्या देवाला, शिंग्रोबाला, हात जोडून वर चढलो. लोणावळ्यात सकाळी दहाच्या आत घुसलात तर बाहेर पडाल, नंतर चिक्की खात गाडीतच बसाल. पुढे रस्ता अरुंद, पण झाडी दाट. अण्णांच्या घरी पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. मी तिथलं पाणी मुद्दाम दोन तांबे प्यायलो. अण्णांनी डोळे बारीक करून पाहिलं.

दुपारी होडीने निघालो. (होडीवाल्याशी भाडं आधी ठरवा, काठावर परतल्यावर घासाघीस जमत नाही.) धरणाच्या मधोमध कळस आणि देवळाचं अर्धं दार एवढंच वर होतं. पायऱ्या, चौथरा, देवी, सगळं पाण्यात. होडीवाला म्हणाला की यंदा पाणी उतरायला उशीर होतोय, खाली वीज जास्त केली तरच उतरेल.

अण्णांनी खिशातली पत्रिका काढून कळसाकडे धरली. मग विचारलं, "पाव्हणं, घरी एशी किती?"

"दोन."

"दोनी चालू ठिवा."

सुनंदाला हसू आवरेना. मी म्हटलं, अण्णा, धरण हटवायचं म्हणता आणि वीज जाळायला सांगता? अण्णा चिडले नाहीत. "हटवलं असतं तर चपला काढून चालत गेलो असतो. वीज ममईला, पाणी तुमाला. आमाला काय, डास." तरी दुकानदाराची जीभ गप्प बसेना. म्हटलं, उद्या पाडलं तर पनवेलमधल्या एवढ्या लोकांनी प्यायचं काय? होडी आपली हलत राहिली.

मग सुनंदा म्हणाली, "अण्णा, देवी या पाण्यात. हेच पाणी तिला शिवून आमच्या नळाला येतं. मग ती कुठवर आली म्हणायची?"

"तुमी वकील व्हायचं हुतं," अण्णा म्हणाले आणि पत्रिका परत खिशात घातली.

आम्ही रविवारी परतलो. दोन एसींनी धरण उतरत नाही, एवढं मोटारीच्या धंद्यातल्या माणसाला कळतं. तरीही दोन्ही लावले. वैशाखात आम्ही घरात चादर पांघरून बसलो होतो. प्राजक्ता तर शेजाऱ्यांनाही एसी लावायला सांगून आली.

नंतर एक दिवस वळवाचे ढग दाटले असताना अण्णांचा फोन आला. पायऱ्या उघड्या पडल्यात, आत्ताच्या आत्ता या. बाकीचा प्रवास वेगाचा होता, लिहिण्यासारखा नाही. घोटाभर गाळातून जाऊन आम्ही चौघा व्याही-विहिणींनी वाघजाईला शेंदूर लावला आणि पायाशी पत्रिका ठेवली. काठावर आलो तोच पहिला थेंब पडला.

या प्रवासातून धरण ठेवावं की पाडावं ते मला अजून कळलेलं नाही. पण नळ सोडला की ओल्या शेंदराचा वास आठवतो, आणि बादली भरली की मी नळ लगेच बंद करतो.

साखरपुड्याला अण्णा आले तेव्हा बाटली काखेत होतीच. भाषणही झालं, धरण हटलंच पाहिजे असं. सुनंदाने तांब्या पुढे केलाच नाही, उगाच अपमान नको म्हणून. निघताना अण्णा उंबऱ्यात थांबले, बाटली उलटी करून दाखवली. रिकामी.

"भरून द्या, विहीणबाई. लांब जायचंय."

"फिल्टरचं देऊ?"

"नळाचं द्या. घरचं हाय ते."