तळघरात न उतरलेलं टेबल

घरात काम काढलं की विटांपेक्षा किश्शांचा ढीग मोठा होतो. विटा निदान कुणीतरी उचलून नेतं. आमच्या तळघराचे किस्से मी ऑफिसात डबा खाताना सांगते तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. काम चालू होतं तेव्हा मात्र छातीत धडधडायचं. तसं मला कुकरच्या शिट्टीनेही धडधडतं, ती गोष्ट वेगळी.

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की कॉन्ट्रॅक्टरकडे टेप नव्हती.

करंजाड्यात आमचं रो-हाऊस आहे. खाली बिल्डरने दिलेलं तळघर, त्यात बंद पडलेला कूलर आणि माझी लहानपणीची सायकल. पप्पा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि विहारातल्या सभेत उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की स्पर्धा परीक्षा देणाऱ्या वस्तीतल्या मुलांसाठी आमच्या तळघरात अभ्यासिका होईल, फुकट, आणि उद्घाटन येत्या जयंतीला. टाळ्या पडल्या. पप्पांनी दिलेली तारीख आयुष्यात कधी चुकवली नव्हती. कारण आयुष्यात त्यांनी कधी कॉन्ट्रॅक्टर नेमला नव्हता.

कॉन्ट्रॅक्टर हसुरामशेठ घणसोलीकडच्या तळवली गावचे, या भागातले मूळ गाववाले. तळघरात उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि पप्पांना म्हणाले, "काका, जरा भिंतीला टेकून उभं राव."

पप्पा उभे राहिले.

"आता हात वर."

पप्पांनी हात वर केला. शेठनी मान डोलावली. "झाला माप."

"टेप नाही का आणली?" मी विचारलं.

"ताय, टेप हरवते. काका कुठं हरवनार हायत?"

आठवड्याने शेठचा फोन आला. मला वाटलं, आता काम सुरू. शेठ म्हणाले, "त्या दिवशी काकांच्या पायात चप्पल होती का?"

*

मग थ्रीडी डिझाइन आलं. शेठच्या भाच्याने मोबाइलवर केलेलं. तळघर झकास दिसत होतं. पांढऱ्या भिंती, लाकडी फ्लोरिंग आणि समोर भलीमोठी खिडकी, खिडकीबाहेर समुद्र.

"तळघराला खिडकी?" मी म्हटलं.

"ती तशीच येते. थ्रीडीत खिडकी फ्री असते."

सोफ्यावर एक गोरं जोडपं बसलेलं होतं, पायाशी कुत्रा. मम्मी बराच वेळ मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिली. "हे लोक कोण?"

"ते निघत नाय, काकी."

"राहू देत. पण अभ्यासिकेत कुत्रा नको. मुलांचं लक्ष जातं."

शेठनी गंभीरपणे मान हलवली आणि भाच्याला फोन लावला, "कुत्रा काढ रे."

पुढच्या डिझाइनमध्ये कुत्रा नव्हता. जोडपं होतं. आता ते खाली मान घालून, कुत्रा होता त्या जागेकडे बघत होतं.

*

ओल हा आमचा खरा प्रॉब्लेम. कोपऱ्यातली भिंत बारा महिने ओली. शेठनी वॉटरप्रूफिंगचा खास माणूस आणला. त्याने भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभी.

"लीकेज नाही," तो म्हणाला. "घाम आहे."

"भिंतीला घाम?"

"मॅडम, तुम्हाला नाही का येत?"

मला त्या क्षणी येतच होता.

*

काम थांबलं की पप्पा शेठना व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवायचे. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण काल आला नाहीत.' शेठ उत्तरादाखल अंगठा पाठवायचे.

"बघ, पोच आली," पप्पा समाधानाने म्हणायचे.

"पप्पा, तो नुसता अंगठा आहे."

"अंगठा म्हणजे पोचच. आमच्या ऑफिसात अंगठ्यावर जमिनी फिरल्यात."

काम पुढे सरकत नव्हतं, पण पत्रव्यवहार एकदम नियमित होता.

*

एका दुपारी मी एकटीच खाली उतरले, लाइट लावला आणि किंचाळले. प्लायवुडवर दोन माणसं आडवी. माझ्या किंकाळीने तीही किंचाळली. आपलेच फरशीवाले निघाले.

"ताई, असं दचकवू नका," त्यातला मोठा छातीवर हात ठेवून म्हणाला. "हार्ट अटॅक यायचा माणसाला."

मी सॉरी म्हटलं. वर येऊन पाणी प्यायले, मग त्यांनाही नेऊन दिलं. सगळ्या करंजाड्यात तेवढीच एक जागा गार होती. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पप्पा सापडेनात. घर शोधलं, गल्ली शोधली. ते प्लायवुडवर होते. "पाहणी करत होतो," डोळे न उघडताच म्हणाले.

*

आणि मग टेबल.

शेठचं म्हणणं होतं, मुलांसाठी छोटे छोटे कप्पे करू, सगळीकडे तसंच असतं. पप्पा अडून बसले. "एकच टेबल पाहिजे. लांब. सगळे एका टेबलाशी बसतील. मधे पार्टिशन नको, जोडही नको." एवढ्या कामात पप्पा पहिल्यांदाच ऑफिसची भाषा सोडून बोलले, म्हणून शेठनीही सरळ सुतार बोलावला. सुताराने अंगणात टेबल बनवलं. जाड, अखंड, देखणं. पॉलिश होऊन उचललं, तेव्हा कळलं की जिना मधेच वळतो आणि टेबल वळत नाही.

जिन्याचं माप कुणी घेतलं नव्हतं. पप्पा जिन्यातून आरामात उतरतात.

शेठ घरामागे जाऊन बघून आले. तिथे तळघरात उजेड यावा म्हणून जमिनीत बसवलेली मोठी जाळी आहे. "ही काढू. टेबल कंपाउंडवरून घेऊन हितनं खाली सोडू. पन मानसं पायजेत, एकदम भरपूर. मी आनतो." एवढं बोलून शेठ गायब.

जयंती उद्यावर आली. कामगार आपापल्या गावी गेलेले. टेबल अंगणात, त्यावर शेजारच्या काकूंचे पापड. मी सकाळपासून फोन करत होते. शेठ फोन उचलत नव्हते, पण स्टेटस बदलत होते. शेवटच्या स्टेटसमध्ये लिंक होती. तीच टीव्हीवर लावली. गावच्या मैदानावरची टेनिस क्रिकेटची स्पर्धा, लाइव्ह. मांडवात माइकसमोर कॉमेंट्री करत हसुरामशेठ, आणि पुढ्यात त्यांचा मोबाइल.

मी फोन लावला. टीव्हीवर थोड्या वेळाने मोबाइल वाजला. शेठनी बघितलं आणि उपडा करून ठेवला.

पप्पांनी चष्मा काढला. "बघितलं त्याने," म्हणाले. मग चष्मा पुसत, "सकाळी मुलं येतील. त्यांना काय अंगणात बसवू?"

मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा लावला. पुन्हा. माइकमधून रिंगटोन सगळ्या मैदानावर घुमायला लागली. बॉलर धावता धावता थांबला. बॅट्समन क्रीजमधून बाजूला झाला. अंपायरने कमरेवर हात ठेवून मांडवाकडे बघितलं. शेजारचा कॉमेंटेटर माइकमध्येच म्हणाला, "शेठ, उचला एकदाचा. मॅच थांबलीय."

टीव्ही थोडा मागे चालतो. टीव्हीवर शेठ अजून मोबाइलकडे बघतच होते, आणि माझ्या कानात आवाज आला.

"हां ताय. हाय ध्यानात. ही ओव्हर संपू दे, दोन्ही टीमी घेऊन येतो."