राबावरची माती

ती घटना आठवली की आजही माझ्या मुठी आवळतात. राग आरोपींवर आहे, तितकाच स्वतःवरही आहे.

मुळशीच्या डोंगरावर एका कंपनीने झाडे लावली होती. परदेशातले कारखाने धूर सोडणार आणि भरपाई म्हणून ही कंपनी त्यांच्या पैशांतून इथे जंगल वाढवणार, असा तो करार. त्या वर्षी मार्चमध्येच ऊन असह्य झाले होते. एका दुपारी वणवा पेटला. सगळी लागवड जळाली, आणि आग वाडीकडे वळू नये म्हणून धावलेला राखणदार भाजून मेला.

मी तिथल्या ठाण्याचा फौजदार, पंचनाम्याला गेलो. पंच म्हणून कंपनीचेच दोन कामगार घेतले, तेही बाहेरगावचे. ही माझी पहिली चूक. लागवडीच्या कडेला राखेचा पट्टा होता. हा राब आहे, असे कंपनीच्या सुपरवायझरने सांगितले. भाताचे रोप टाकण्याआधी शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजतात, तो राब. मी दुष्काळी तालुक्यातला. आमच्याकडे भात पिकत नाही, म्हणून ऐकले ते लिहून घेतले. वाडीतल्या एका म्हाताऱ्याला तो पेटवताना पाहिल्याचा जबाबही सुपरवायझरने दिला.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. राब पेटवलास का, एवढेच विचारले.

"व्हय साहेब. दर साली भाजतो."

मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले, त्याने खाली अंगठा उठवला. माझे वडीलही अंगठाच उठवत. घरातला पहिला पदवीधर मी, त्यांनी कष्टाने शिकवले म्हणून. पण त्या क्षणी ते मला आठवले नाहीत. गुन्हा दाखल झाला, म्हातारा कोठडीत गेला आणि तपास एका दिवसात उरकल्याबद्दल वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. हवालदारांनी दोनदा उठवले, ती उठेना. शेवटी मी बाहेर गेलो.

"मेला त्यो माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "आन त्याला मारला म्हून तुमी माझाच नवरा आत घातलाय. एवढंच सांगा, त्या राबावर माती हुती का?"

कसली माती, मी वैतागून विचारले. तिने समजावले. राबावर बारीक मातीचा थर देतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे तो धुमसत राहतो, भडकत नाही. नवऱ्याचा राब खाली त्यांच्या स्वतःच्या वावरात होता, चार दिवसांपूर्वी भाजलेला.

"आमी राब भाजतो साहेब, डोंगूर न्हाई."

पंचनाम्याचे फोटो फाइलमधून काढून पाहिले. नुसती राख. मातीचा कणही नव्हता.

सुपरवायझरला बोलावले, चहा दिला आणि पाहिलेले पुन्हा सांगायला लावले. तो निवांत होता. हल्ली वणवे लागणारच, क्लायमेट चेंज आहे, असे मलाच शिकवू लागला. म्हाताऱ्याने पाला टाकला, वाऱ्याच्या बाजूने काडी लावली, भडका उडाला. असे त्याने सगळे सांगितले.

"वर माती कधी टाकली?" मी विचारले.

"माती कशाला? माती टाकली तर आग पसरेल कशी?"

आपण काय बोलून गेलो, ते बोलल्यावर त्याच्या लक्षात आले. हवालदारांनी ते वाक्य जसेच्या तसे जबाबात लिहून घेतले. काडी त्यानेच लावली होती, हे पुढे त्याने स्वतःहून सांगितले.

दुपारी वाडीतली माणसे घेऊन आम्ही लागवडीतले खड्डे उकरले. रोपे काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांसकट पुरलेली होती. मुळे पिशवीबाहेर आलीच नव्हती. उन्हाने रोपे कधीच वाळली होती आणि आठवड्यावर परदेशी पाहुण्यांची तपासणी आली होती; सगळे जळाले की खापर वणव्यावर फोडता येणार होते. आग लावायचा हुकूम बावधनच्या ऑफिसातल्या मॅनेजरचा होता. अटकेनंतरही तो तापमानवाढीवरच बोलत होता. ऊन खोटे नव्हते. वाडीचा झरा उन्हानेच आटवला होता. पण काडी उन्हाने ओढली नव्हती.

मी कोर्टात अहवाल दिला, म्हातारा सुटला. मी त्याची माफी मागितली. तो टोपी झटकत म्हणाला, "राब पेटवला का इचारलं, म्या व्हय म्हणलं. कुटला, ते तुमी इचारलंच न्हाई."

पुढे नोकरी संपेपर्यंत मी कोणाचाही जबाब घेताना "कुठे?" हा प्रश्न आधी विचारला आणि पंच नेहमी त्याच गावचे घेतले. त्या तपासासाठी मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते मी भिंतीवर लावलेले नाही. भिंतीवर फोटो आहे तो वडिलांचा.