छपरावर टाकलेला दात

दुधाचा दात पडला की छपरावर टाकायचा, म्हणजे नवा छान येतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पडलेला दात दुधाचाच आहे हे ठरवायचा अधिकार सोसायटीच्या चेअरमनला कुणी दिला, ते मला अजून कळलेलं नाही.

कर्वेनगरात माझा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना आहे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी शेजारच्या सोसायटीतली एक बाई आठ वर्षांच्या लेकीला घेऊन धावत आली. हनुवटी फाटलेली, जबडा एका बाजूला सरकलेला, वरचा पुढचा दात मुळासकट गायब. मुलांनी पार्किंगमध्ये सायकली फिरवू नयेत म्हणून चेअरमनसाहेबांनी दोन खांबांमध्ये बारीक तार बांधली होती. पोरीला ती दिसलीच नाही.

"दात कुठाय?" मी ओरडलेच. तो कायमचा दात होता. असा दात लगेच दुधात घालून आणला तर परत बसवता येतो. वाळला की संपलं.

"चेअरमनकाकांनी पार्किंगच्या शेडवर टाकला," आई म्हणाली. "म्हणाले, दुधाचाच आहे, नवा येईल."

माझं डोकंच फिरलं. हनुवटीवर कापसाची घडी दाबून धरायला मदतनीस मुलीला सांगितलं आणि तशीच सोसायटीत गेले. साहेब बाकावर बसून उरलेल्या पोरांना शिस्तीचे धडे देत होते.

"अहो, शिडी लावा आणि चढा वर."

"मी? वॉचमन येईलच इतक्यात चहा घेऊन."

"तोवर दात वाळेल. टाकताना वॉचमन लागला होता का?"

गॅलऱ्या माणसांनी भरल्या. साहेब पांढऱ्या लेंग्यात तापलेल्या पत्र्यावर रांगत दात शोधत होते. खोटं कशाला बोलू, मला भारी बरं वाटलं.

दात सापडला, पण उशीर झाला होता. तरी मी तो बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. जबडा जुळेपर्यंत पोर पेज आणि वरणाच्या पाण्यावर राहिली. दात टिकतो की नाही, ते पुढच्या तपासण्यांत कळणार होतं. मी सोसायटीत जाऊन सगळ्यांदेखत चेअरमनना सांगितलं, "तिची आई नोकरीला जाते. दर वेळी तुम्ही तिला घेऊन यायचं." नाही म्हणायची सोय नव्हती; सगळ्या सोसायटीनं ऐकलं होतं.

ते यायचे. दर वेळी मी त्यांना एक्स-रेसमोर उभं करायचे. "बघा, मूळ विरघळत चाललंय. नीट बघा, चष्मा लावा."

"काहीच उपाय नाही का हो?"

"होता ना. तुम्ही छपरावर टाकलात."

गेल्या महिन्यात दात खिळखिळा झाला. काढावाच लागला. पोरगी रडली नाही. दात धुऊन, पुडीत बांधून मी तिच्या हातात दिला. तिनं पुडी उघडली, दात न्याहाळला आणि चेअरमनपुढे धरला.

"काका, हा दुधाचा नाहीये. आता नवा येणार नाही," ती म्हणाली. "तरी टाका तुम्ही छपरावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.