आठवी मूठ

शके १८५०, नागपंचमीनंतरचा शनिवार, दिवेलागणीची वेळ. सुपात गव्हाच्या आठ ढिगल्या. हजर आबा, मी, धाकटा भाऊ, थोरला पुतण्या, माझा माधव, आणि उंबऱ्याशी उभ्या घरातल्या बायका. इतकं नोंदवलं की माझ्यासारख्या माणसाचं समाधान व्हायला हवं. पण ती संध्याकाळ मला आकड्यांनी आठवतच नाही. आठवते ती उन्हात तापवून घरात आणलेल्या गव्हाच्या कोमट, गोडसर वासानं, आणि भिंतीपलीकडे एकाएकी थांबलेल्या एका आवाजानं.

तो आवाज पिंजाऱ्याच्या धनुकलीचा होता. दोंडाईच्यातल्या आमच्या घराची मागची भिंत करीमभाई पिंजाऱ्याच्या घराशी सामाईक आहे. कापूस पिंजताना त्यांच्या तातीचा टणत्कार त्या भिंतीतून असा यायचा की, आपल्याच घरात कुणी खर्जातलं एकसुरी वाद्य लावून बसलं आहे असं वाटावं. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हांला तो ऐकूही येत नसे. श्वास कुठे ऐकू येतो? थांबला म्हणजेच कळतो.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, जो हजर त्यानं स्वतःच्या हातानं, जो नाही त्याच्या वतीनं दुसऱ्यानं. तान्ह्या पोराचीही मूठ निघते. त्या गव्हाचे रोट भाऊबंदकीतच खायचे. उंबऱ्याबाहेर त्यांतला तुकडाही जात नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही. मला लहानपणापासून या व्रताचं कौतुक वाटत आलं आहे, कारण यात कुळ म्हणजे काय हे कुणी शब्दांत सांगत बसत नाही, सुपात दाखवतं. आमच्या घरी पुरुष सात. पाचांनी आपापली मूठ घातली. आबा म्हणजे माझे चुलते. त्यांचा मुलगा भुसावळला रेल्वेत, त्याची मी घातली. धाकटा पुतण्या पाळण्यात, त्याचीही मी घातली. नेमकी तेव्हा पलीकडची तात थांबली. आणि माझा हात पुन्हा पोत्यात गेला.

आबांनी ढिगल्यांवरून बोट फिरवलं आणि ते थांबले. "नाना, आठ कश्या रे? घरमा माणसं सात शेत ना?"

मी पुन्हा मोजल्या. धाकटा हसू दाबत म्हणाला, "नाना, गणित आज जिनमाच ठेईसन ऊनात का?" मी कापसाच्या जिनात हिशेब लिहितो, वीस वर्षं लिहितो आहे. त्यामुळे बायकांतही हसू फुटलं. कुणी तरी पाळणा हलणार असल्याचं सुचवलं, त्यावर धाकट्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मला मात्र हसू येईना. मी आठवी ढिगली उचलून पोत्यात टाकायला गेलो, तर आबांनी मनगट धरलं. "मूठ पडनी ती पडनी. कानबाईना सूपमाईन दाना मांगे लेता येत नई. कोना नावनी शे ते सांग."

कुणाच्या नावाची? मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं.

मनात होतं ते एवढंच, की धनुकली थांबली म्हणजे करीमभाईंची शेवटची गादी पुरी झाली. मंगळवारी ते बिऱ्हाड हलवून बऱ्हाणपूरला जाणार होते, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभीच्या, भावाकडे. आणि गेली दहा वर्षं माझं एक काम तसंच राहिलं होतं.

मानमोडीची साथ आली तेव्हा माधव दीड महिन्याचा होता. त्याची आई तापानं निपचित पडली, अंगावरचं दूध आटलं. गाईचं दूध त्याला सोसेना. भाऊबंद दारापर्यंत येऊन परत जात, त्यांना तरी दोष काय द्यायचा? त्याच आठवड्यात करीमभाईंचा यासीन गेला. तोही अंगावर पिणाराच. पोराला माती देऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाभी आमच्या मागच्या दारानं आत आली, तिनं माधवला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. माधवची आई उठून बसेपर्यंत ती रोज येत राहिली.

आता याचं काय करायचं? आपल्या घरांतून देण्याघेण्याच्या रीती किती बारकाईनं बसवलेल्या आहेत! ईदेला त्यांच्याकडून शेवया, साखर, खारका यांचा कोरडा शिधा झाकून येई, कारण शिजलेलं आमच्याकडे चालत नाही हे ते जाणत. दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडे जाई. आलेलं ताट रिकामं पाठवायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हेही दोन्ही घरं पाळत. आभार हा शब्द आम्ही जिनातल्या समारंभात साहेबासाठी ठेवला आहे; घरात आणि शेजारात आभार मानतं ते ताट. पण दूध आलं ते कुठल्याच भांड्यात आलं नाही. मग परत काय भरून पाठवायचं, आणि कशात?

मी प्रयत्न केले. माधवच्या पहिल्या वाढदिवसाला चांगलं लुगडं नेलं. भाभीनं त्यावरून हात फिरवला आणि घडी माझ्यापुढे सरकवली. "भाऊ, हाई लुगडं लई जा. मी काय तुमनी दाई व्हती?" पुढे एकदा चांदीची पाटली. तीही परत. माधवची आई मला म्हणाली होती, "तुमले बठ्ठं तोलानी खोड शे. तिना दारमा तराजू लई जाऊ नका." मी ऐकलं, पण उमजलो नाही. फेडता न येणारं मनात ठेवून माणसानं ताठ मानेनं शेजारी राहावं तरी कसं? आणि आता तर शेजारही चालला होता.

रविवारी सकाळी जात्यावरून पीठ उतरलं. नारळाच्या कानबाईला डोळे लागले, नथ चढली. पण आठव्या मुठीचा निकाल लागल्याशिवाय रोट थापू देईनात आबा. मग मला वाटलं, संकेत तर स्पष्ट आहे! देवीनंच माझ्या हातून मूठ काढवली, हा रोट भाभीचा. मी भीतभीत तसं म्हणालो. आबा म्हणाले, "बाहेर देता येत नई, नाना. पोटनी पोरले देत नई आपुन. पण मी तुले नई म्हणत नई. तूच पाय." नियम मोडायची मुभा त्यांनी माझ्याच ओंजळीत टाकली, आणि तिचं ओझं मला नियमापेक्षा जड वाटलं.

मागच्या दारानं मी गेलो. घर निम्मं बांधून झालं होतं. धनुकली चटईत गुंडाळून भिंतीशी उभी होती. मी सगळं सांगितलं, मुठीपासून. भाभी पेटीत कपडे भरत ऐकत होती. मला वाटलं, हेही परत करील. आणि तिनं केलंच.

"रोट माले नको, भाऊ. मनाकरता तुमना घरना नेम मोडू नका." मग तिनं पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. "पण त्या मूठले नाव नई ना? मंग मना यासीननं द्या. त्यानं दूध ज्यानं पिधं, त्यालेच तो रोट खावाडा."

करीमभाई पाठमोरे दोर आवळत होते. त्यांचे हात थांबले, पण ते वळले नाहीत.

परत येऊन मी आबांना सांगितलं. त्यांनी पगडी सारखी केली, रोटाच्या परातीपाशी बसले आणि दरवर्षीच्या चढ्या आवाजात नावं घ्यायला लागले. सात झाली. आठवं नाव घेताना आवाज खाली आला नाही. कुळाच्या नावांच्या ओळीत ते नाव उभं राहिलं आणि घरातलं कुणीही हललं नाही. माधवनं आपला रोट खीर आणि गिलक्याच्या भाजीशी खाल्ला, मग दुसरा पुढे आला तेव्हा आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. पोट भरलेलं असूनही त्यानं तो संपवला.

मी तेव्हापासून विचार करतो आहे आणि वाट सापडत नाही. द्यायला मी गेलो होतो. ती काहीच न घेता पुन्हा एकदा माझ्याच मुलाला जेवू घालून गेली. मग यात दिलं कुणी आणि घेतलं कुणी? की तिनं खरोखरच काही घेतलं, जे मी कधीच देऊ शकलो नसतो, आमच्या सुपातली एक जागा? देवीनं माझा हात पोत्याकडे नेला, की थांबलेल्या आवाजानं? मला कळत नाही. आणि कळत नाही हे लिहिताना, आश्चर्य असं, की मला लाज वाटत नाही.

मंगळवारी गाडी गेली. त्यांच्याकडे राहिलेलं आमचं ताट भाभीनं माधवच्या हाती परत दिलं. त्यात चिमूटभर साखर होती. भिंतीपलीकडे आता एक मिरचीचा व्यापारी राहतो. फार शांत माणूस आहे, त्याच्याकडून काहीच ऐकू येत नाही. श्रावणात गहू तापून घरात येतो, तोच कोमट वास पसरतो, आणि आबा सुपावरून बोट फिरवताना आता आठावर अडत नाहीत. मूठ यासीनची, घालतो माधव. रोट एक, दिला माधवला.