मामांचा निजाम

निजामाला अजून रोज जाब विचारणारा माणूस परंड्यात एकच उरला आहे, तो म्हणजे माझा मामा. मामांचा जन्म निजामी संपल्यानंतरचा. तरी घरात काही बिघडलं की चौकशी थेट हैदराबादपर्यंत जाते. नळाला पाणी आलं नाही, निजाम. मामींची भाकरी करपली, तरी ते शांतपणे म्हणतात, "ज्या मुलखात शाळाच काढल्या न्हाईत, तिथं कुणाला बोलावं?" मामी तितक्याच शांतपणे म्हणतात, "मग दळण आणायला निजामालाच धाडा," आणि पिठाचा डबा त्यांच्यापुढं सरकवतात. परंडा निजामाकडं होतं, शेजारची बार्शी इंग्रजांकडं. तिथं रेल्वे आली, गिरण्या आल्या, पुढं दवाखाने आले. परंड्याच्या माणसाला दुखणं वाढलं की अजून बार्शीच गाठावी लागते. हे सांगताना मात्र मामा विनोद करत नाहीत.

त्यांची मुलगी डॉक्टर झाली तशी त्यांनी रस्त्याकडची खोली तिच्या दवाखान्यासाठी रंगवून घेतली. ती म्हणाली, बार्शीला बसणार. मामांनी मला पुण्याहून बोलावलं. "तू समजाव तिला. तू लई शिकलास, मोठ्या गावाला गेलास, तुझं ऐकंल." गाव सोडू नकोस हे सांगायला त्यांना मीच सापडलो. मीही त्यांचं ऐकून तिला म्हणालो, "आपल्या भागाला तुझी गरज आहे."

"दादा, तू परत येतोस का?" तिनं साधंच विचारलं. मी मुलांच्या शाळेचं काहीतरी पुटपुटलो. "माझंही तसंच आहे ना," ती म्हणाली. "बार्शीत तपासण्या होतात, भूल देणारा डॉक्टर आहे. इथं मी एकटी काय करू?"

ती बार्शीलाच बसली. पहिल्या दिवशी मामा पेशंटांच्या रांगेत बसून नंबरानं आत गेले.

"काय होतंय, बाबा?"

"मला काय होतंय? परंड्याला कधी येशील, तेवढं सांग."

ती दर रविवारी परंड्याला येऊ लागली. खोली भरते. नंबर येईपर्यंत मामा सगळ्यांना निजाम सांगतात. तापातल्या माणसाला उठून जाता येत नाही.

मागच्या रविवारी मी तिथं होतो. शेवटचा पेशंट गेल्यावर मामा म्हणाले, "एक वार तर निजामाकडनं सोडवला. सहा ऱ्हायले." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझा वार कंचा?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी म्हणालो, "बघतो, मामा."

"बघ," ते म्हणाले, आणि आम्हा दोघांना स्टँडवर सोडायला आले. तिची गाडी बार्शीची, माझी पुण्याची. दोन्ही अगदी वेळेवर लागल्या.