न मोजलेल्या शेळ्या

चित्रांची पुस्तकं निवडणं हे बसल्या जागचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याला मी तो सगळा गठ्ठा आनंदानं देईन. पहिली-दुसरीच्या गणितासाठी नमुन्याची चाळीस पुस्तकं शाळेत आली होती. त्यातली दहा निवडून यादी सोमवारी लोहाऱ्याला, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात पोचवायची होती. चार दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकात बर्फाच्या बाहुल्या मोजायच्या, दुसऱ्यात स्ट्रॉबेरी. आमच्या पोरांनी हे पाहिलंय कुठं? एक पुस्तक तर मी चिडून टेबलावर आपटलंच.

खरी धास्ती वेगळीच होती. दुसरीतली एक मुलगी पाचाच्या पुढं तोंड उघडत नव्हती. खडे मांडा, काड्या मांडा, पाच झाले की गप्प. तिचे आजोबा शेळ्या राखायचे. ते पंधरा दिवसांपूर्वी येऊन म्हणाले होते, "बाई, डोक्यात शिरतच न्हाय तर उगं कशाला? येईल माझ्यासंगं शेळ्यांमागं." मी त्यांच्याकडून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. सुट्टी शनिवारी लागणार होती.

आणि शुक्रवारी त्या गठ्ठ्यात मला शेळ्यांचं पुस्तक सापडलं. बाभळीखाली शेळ्या, ओढ्यावर शेळ्या, प्रत्येक पानावर नऊ, आणि खाली ठसठशीत आकडा. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं मला. तीनदा वाचलं, यादीत पहिलं लिहिलं.

शनिवारी शाळा सुटताना मी तिला जवळ बसवलं. "मोज बरं, किती शेळ्या?"

तिनं मान हलवली. नाही.

"अगं, तुझ्या रोजच्याच की!"

पुन्हा नाही. मला राग आला, लपवणार नाही. एवढं शोधून आणलं आणि ही हूं की चूं करत नाही! "तुला यायचंच नाही का शाळेत?" मी जरा जोरातच बोलले. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात तिला न्यायला आजोबा आले. त्यांनी खुंटीवरचं तिचं दप्तर काढून खांद्याला लावलं, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं. "शेळ्या मोजाय लावता व्हय बाई? आमच्यात न्हाईत मोजत. मोजल्या की घटत्यात."

"मग संध्याकाळी एखादी मागं राहिली तर कळतं कसं?"

"दिसतंय की." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "हिलाबी दिसतंय. परवा हिनंच सांगितलं, काळी मागं ऱ्हायली."

मुलीनं तोवर पान उलटलं होतं. ओढ्याच्या चित्रावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "आज्या, हितं ती बांडी न्हाय. कानावर पांढरं आसलेली."

मी पुस्तक ओढून घेतलं. मोजलं. बाभळीखाली नऊ, ओढ्यावर आठ. खाली आकडा मात्र नऊच. मागच्या पानावरची बांडी खरंच गायब होती. चार दिवस गणिताची पुस्तकं चाळणारी मी, तीनदा वाचून मला हे दिसलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली. त्या वर्षात तिनं आपणहून मारलेली ही पहिली हाक. "त्यांनी मोजल्या म्हणून घटली का ती?"

"नाही गं. चित्र काढणाऱ्याचं लक्ष नव्हतं."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "आन् तुमचं?"

मला तिच्याकडं बघवेना. जूनपासून ती माझ्या समोरच्याच रांगेत बसत होती.

"माझंही नव्हतं," मी म्हणाले.

खांद्यावरचं दप्तर काढून आजोबांनी ते नातीच्या हातात दिलं. "सुट्टी कवा संपती, तेवढं सांगा बाई," ते म्हणाले.